पडद्यावर हात जोडताना

सिनेमात मी जी कामं केली, त्यांतल्या माणसांना बहुधा नाव नसायचं. मी कधी गडी असायचो, कधी राखणदार, कधी गावची वेस राखणारा येसकर. पाटलाच्या दारात जाऊन उभं राहायचं, शिव्या खायच्या, हात जोडायचे आणि मागं सरकत सरकत चौकटीतून बाहेर पडायचं. वय पंचविशीचं होतं, पण गालफडं बसलेली आणि डोळे खोल. केसांना थोडी पांढरी पावडर लावली की पन्नाशीचा दिसायचो. असे सहा-सात सिनेमे मी केले. ते सगळं हात जोडणं मी कुणाकडून उचललं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण सांगितलं कुणालाच नाही.

आमचं गाव दिग्रसपासून दोन कोसांवर. छप्पनच्या दसऱ्याला बा, माय आणि मी नागपूरला गेलो आणि दीक्षा घेऊन परत आलो. बानं घरातले जुने देव एका फडक्यात बांधून नदीत सोडले. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. मेलेली ढोरं ओढण्यासारखी गावकीची कामं त्यानं तोंडानं सोडली होती, पण खरी वेळ पंधरा दिवसांनी आली. पाटलाचा बैल मेला. गडी सांगावा घेऊन दारात आला.

"बैल ओढाले चाल. पाटलानं बलावलं."

"मी थे काम सोडलं," बा म्हणाला. "पाटलाले सांग, दुसरं कोनी पाहा."

"मी कायले सांगू? तूच येऊन सांग."

"येतो."

बा निघाला तसा मीही मागं निघालो. तोवर मी बाला पाटलाच्या दारात शेकडो वेळा पाहिलं होतं. गल्लीच्या तोंडाशीच तो चपला काढून काखेत धरायचा. डावा खांदा पाडून उभा राहायचा. समोरचा बोलायच्या आधीच मान हलवायचा, आणि उजव्या पायाच्या अंगठ्यानं सारखी माती उकरायचा. त्या दिवशी तो चपला घालून थेट ओट्यापर्यंत गेला. सरळ उभा राहिला. मेलेलं ओढायचं काम सोडलं म्हणून तोंडावर सांगितलं.  पाटील नुसता बाच्या पायांकडं पाहत राहिला.

त्या हंगामात आम्हाला कापूस वेचायला कुणी बोलावलं नाही. गावातल्या चक्कीवाल्यानं आमचं दळण घेणं बंद केलं. माय जवारीची टोपली डोक्यावर घेऊन दिग्रसला दळायला जायची. बा वस्तीतल्या चौघांबरोबर रस्त्याच्या खडीवर कामाला लागला. मी दिग्रसच्या एका जीनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली धरली. दिवसभर फुफ्फुसात कापसाचे तंतू जायचे. पण त्या दोन वर्षांत बा जसा चालायचा तसा मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता. खडी फोडून हात सोललेले, आणि मान वर.

कापसाच्या हंगामात दिग्रसला एक नाटक कंपनी आली. जीनच्या मागच्या मोकळ्या आवारात तिचा तंबू होता. मी पाळी संपली की फळ्या वाहायला जायचो. एक दिवस दुपारी तालीम चालली होती आणि गड्याचं काम करणारा नट तापानं पडलेला. मॅनेजरनं इकडंतिकडं पाहिलं आणि मला हाक मारली.

"ए, तू. आत यायचं, हात जोडायचे, बोलणी खायची, निघून जायचं. जमेल?"

मी आत गेलो. काय करायचं याचा विचारच करावा लागला नाही. अंग आपोआप तसं झालं. खांदा पडला, मान हलायला लागली, अंगठा फळीवर घासायला लागला. आधी दोघंचौघं हसले. मग हसायचे थांबले. मॅनेजर जवळ आला आणि म्हणाला, "हे कुठं शिकलास रे?"

"शिकलो नाही," मी म्हणालो.

खोटं तर नव्हतं. कुणी माझ्याकडं इतकं टक लावून पाहण्याची ती पहिलीच वेळ होती आणि मला ते फार आवडलं. कंपनी हलली तेव्हा मी तिच्याबरोबर गेलो. निघताना बानं विचारलं, "नाटकात कायचं काम करतं तू?"

"गावातल्या मानसाचं."

"चांगलं हाय," बा म्हणाला. "हमाली परीस चांगलं."

कंपनी फिरत फिरत कोल्हापूरला पोचली आणि तिथं एका सिनेमावाल्यानं मला पाहिलं. सुरुवातीला गर्दीतली कामं मिळाली. जत्रेत चालणारा, आग विझवणारा. मग एका ग्रामीण चित्रपटात येसकराचं काम आलं. त्यात मी काही चूक करतो, पाटील मला चावडीसमोर चाबकानं मारतो आणि मी त्याचे पाय धरून म्हणतो, "चूक झाली, मायबाप." संवाद तेवढाच. चाबूक सुताचा होता. अंगावर पडला तरी कळत नसे. आवाज मागून घालणार होते.

दिग्दर्शक मला म्हणाला, "मला डोळ्यात पाणी पाहिजे. ग्लिसरीन देऊ का?"

"नको," मी म्हणालो.

मी डोळे मिटून बाला आठवलं. काखेत चपला घेऊन भर उन्हात उभा असलेला बा. पाटील जेवत होता म्हणून तो तासभर तसाच उभा होता. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. ते आठवलं आणि मला रडू आलं, ते थांबेना. कॅमेरा बंद झाला तरी मी जमिनीवर बसून रडत होतो. सेटवरचे सगळे टाळ्या वाजवत होते. दिग्दर्शकानं मला उठवून मिठी मारली. पुढची तीन-चार वर्षं त्या एका प्रसंगावर मला कामं मिळत गेली.

तो सिनेमा दिग्रसला तंबूतल्या टॉकीजमध्ये लागला तेव्हा मी मुद्दाम गावी आलो. वस्तीतल्या सगळ्यांना खबर होती. बानं धुतलेलं धोतर नेसलं, मायनं नवं लुगडं काढलं. पंधरा-वीस माणसं आम्ही दिवस मावळायच्या आत पायीच निघालो. वाटेत बा भेटेल त्याला सांगत होता, "माहा पोरगा हाय सिनेमात." मी त्याला सिनेमाची गोष्ट सांगितली नव्हती. सांगायला पाहिजे होती. पण त्याचा तो चेहरा पाहून जीभच उचलली नाही.

पहिला खेळ होता. आम्ही पुढं जमिनीवर बसलो. मागं खुर्च्यांवर बाजारातले व्यापारी आणि आसपासच्या गावचे मोठे शेतकरी होते, आमचा पाटीलही होता. पडद्यावर मी आलो तशी आमच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. मायनं तोंडाला पदर लावला. मग पडद्यावरच्या मी चपला काढून काखेत धरल्या आणि डावा खांदा पाडला.

बा माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं आपले पाय हळूच धोतराखाली ओढून घेतले.

मागून कुणीतरी आमच्या गावचा माणूस ओरडला, "अबे, हा तं हुबेहूब बाप!" खुर्च्यांमध्ये हशा पिकला. चाबूक पडत होता, मी पाय धरत होतो आणि मागं लोक हसत होते. आमची माणसं गप्प झाली होती. बा उठला. बसलेल्या माणसांमधून वाट काढत निघाला, तशी त्याची सावली पडद्यावर पडली आणि लोक ओरडले, "ए, बस ना खाली!" तो थांबला नाही.

मी मागं धावलो. तो तंबूच्या बाहेर, चहाच्या टपरीपाशी उभा होता.

"बा, थे नाटक असते," मी म्हणालो. "खरं नसते."

"मले समजते."

"लोकायले दाखवाले पायजे ना, कसे हाल होत होते थे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"थे मी टाकून देल्लं होतं," तो म्हणाला. "तू उचलून आनलं."

एवढं बोलून तो एकटाच गावाच्या वाटेला लागला. मायला घेऊन मी मागून गेलो. घरी पोचलो तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून झोपला होता. झोप लागली नव्हती हे श्वासावरून कळत होतं.

मी दोन दिवसांनी कोल्हापूरला परतलो. पुढचं मायच्या तोंडून नंतर कळलं. गावातली पोरं बाला पाहिलं की हात जोडून म्हणायची, "चूक झाली, मायबाप." आधी पोरं, मग मोठे. आठवडी बाजारात भाजीवालीनं तेच म्हटलं आणि भोवतालची माणसं पोट धरून हसली. चपला घालून पाटलाच्या ओट्यापर्यंत गेलेला माणूस गावानं विसरून टाकला आणि पडद्यावरचा धरून ठेवला. बानं बाजारात जाणं सोडलं. मग खडीवरही जाणं सोडलं, कारण तिथंही मुकादम थट्टा करायचा.

मला यातलं थोडं कळलं तेव्हा मी ठरवलं की ती कामं करायची नाहीत. एकाला नाही म्हटलं, दुसऱ्याला नाही म्हटलं. चार-पाच महिने बसून काढले. मग एका सिनेमात शाळामास्तरचं काम मिळालं. दोनच प्रसंग होते, पण कोट होता, टोपी होती, हातात पुस्तक होतं. मी आरशासमोर उभा राहून बराच वेळ स्वतःकडं पाहत होतो. दुपारी निर्माता सेटवर आला. त्यानं मला पाहिलं आणि दिग्दर्शकाला बाजूला घेतलं. तो हळू बोलत नव्हता.

"अहो, याला कोण मास्तर म्हणेल? लोक हसतील. याला ओळखतात सगळे."

कोट उतरवून घेतला. त्याच सिनेमात एका गड्याचं काम होतं, ते मला दिलं. मी केलं. नाही म्हणण्याची ताकद संपली होती, असं म्हणू शकतो. पण खरं सांगायचं तर मला कॅमेऱ्यासमोरून घरी जायचं नव्हतं.

पुढं बा आजारी असल्याचं पोस्टकार्ड आलं. मी पोचलो तेव्हा तो खाटेवर होता. छातीत कफ भरला होता, दिग्रसच्या डॉक्टरनं यवतमाळला न्या म्हणून सांगितलं होतं आणि तो जायला तयार नव्हता. सकाळची वेळ होती. माय पाणी आणायला गेली होती. मी त्याच्या पायाशी बसलो. तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो.

त्यानं विचारलं, "थो कोडा लागते काय रे?"

"नाही बा. सुताचा असते. अंगाले कायी लागत नाही."

"मंग तू रडत कायले होता?"

मी म्हणालो, "तुह्या आठवनीनं. तू उन्हात उभा होता थे आठोलं."

 त्याला खोकल्याची उबळ आली, ती त्यानं जाऊ दिली. मग म्हणाला, "मी त्याच्या दारात कधीच रडलो नाही. एकबी डाव नाही."

 मी त्याचा खांदा, मान, अंगठा, सगळं घेतलं होतं, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो तासभर उन्हात उभा राहिला होता, पण त्याचे डोळे कोरडे होते. ते रडणं माझं होतं, आणि मी ते त्याच्या नावावर सगळ्या मुलखाला दाखवलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बा गेला. गावातून कुणी आलं नाही. वस्तीतल्या माणसांनी त्याला खांदा दिला.

महिनाभरानं कोल्हापूरहून बोलावणं आलं. पुन्हा येसकर, पुन्हा चावडी. मी गेलो. कॅमेरा सुरू झाला, समोरच्यानं चाबूक उगारला, मी गुडघे टेकले आणि रडलो नाही. दिग्दर्शकानं पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तेच. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं.

"काय झालंय तुला?" तो म्हणाला. "पाणी का येत नाही?"

"हा मानूस रडनार नाही," मी म्हणालो. "तो मनातून शिव्या देऊन राह्यला, पन रडनार नाही."

"लिहिलंय रडतो म्हणून. तू शहाणपणा शिकवू नकोस."

ग्लिसरीन आणलं, ते मी घालू दिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी दुसरा माणूस शोधला. माझ्या अंगावरची फाटकी बंडी काढून त्याला घातली. मी बाजूला उभा राहून पाहिलं. तो चांगला रडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही. मीही कुणाच्या दारात गेलो नाही. मायला गावात एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून दिग्रसला एक खोली घेतली आणि तिला तिथं आणलं. जुन्या जीनमध्ये विचारलं तर मुकादमानं ओळखलं, हसला आणि कापसाच्या गासड्या बांधायच्या कामावर घेतलं. पहिल्या दिवशी घरी आलो तेव्हा केसांत, भुवयांवर सगळा कापूस होता. मायनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "उद्या कितीक वाजता जाशीन?"

"साडेसातले," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि भाकरी करायला बसली.