इस्माईलभाईनं सोडलेलं प्यादं

वाशीमच्या बाजारात इस्माईलभाईचं गाद्या भरायचं दुकान अन् बाजूलेच माह्यं भाजीचं. हातचं काम सरलं का भाई बुद्धिबळाचा पट मांडते अन् हाक मारते, "ये दिनेश, हराले ये." मी रोज हरतो अन् रोज जातो.

भाईचा डाव त्याच्या बापानं शिकवलेला, जुन्या देशी रीतीचा. प्यादं सुरवातीलेबी एकच घर चालते. अन् समोरच्याचा शेवटचा मोहरा मारून राजा एकटा पाडला, त जिंकत आलेला डावबी बरोबरीत सुटते. म्हनून तो शेवटचा मोहरा कोनी मारत नाई.

भाईचा पोरगा उजैर चिडे. गिऱ्हाईक ताटकळते अन् अब्बा घोडे नाचवते. यंदा गावात स्पर्धा भरली तवा तो म्हने, "पैला डाव जिंका, त पट दुकानात. नाई त माळ्यावर." भाई बरं म्हनला. तो पट म्हंजे मेलेल्या बापाची तेवढीच निशानी होती.

समोर आली मागच्या सालची विजेती, वैभवी. पंचानं नवे नियम समजावून सांगतले: प्यादं पैल्यांदा दोन घरं चालू शकते, अन् शेवटचा मोहरा मारला तरी डाव बरोबरीत सुटत नाई. तरी भाईनं राजापुढचं प्यादं एकच घर सरकवलं, मंग वजीरापुढचं, तेबी एकच. मांगचे पोरं हासले. मले राग आला, पन मनात म्हनलो, गेला पट.

अन् काय सांगू बाप्पा, पोरीनं जीव तोडून हल्ले केले, भाईची फळी फुटेना. मोहरे मरत गेले. शेवटी तिच्याजवळ राजा अन् एक प्यादं, भाईजवळ राजा अन् हत्ती. प्यादं हत्तीच्या तोंडात. मारलं का पट वाचला.

भाईचा हात प्याद्यावर गेला, थांबला अन् वापस आला. त्यानं हत्ती दुसरीकडंच चालवला. अशी चीड आली मले! प्यादं पुढं पुढं जाऊन वजीर झालं. आता न मारता हारच होती, म्हनून भाईनं तो वजीर मारला अन् तिच्या राजानं भाईचा हत्ती. उरले दोन एकटे राजे. बरोबरी.

वैभवीनं हळूच इचारलं, "काका, ते प्यादं मारलं असतं तर जिंकले असते. नियम विसरले का?"

"याद होता, बेटा. पन आखरी सिपाही माराले हातच उठला नाई."

मांगं उभा उजैर आयकत होता. आजवर मी कोनासंग हरत आलो, ते मले त्या दिवशी समजलं.

सकाळी भाई पट काखेत घेऊन माळ्याची शिडी चढून राह्यला होता. उजैरनं शिडी धरली.

"उतरा, अब्बा."

त्यानं पट खाली मांडला, समोर बसला अन् म्हनला, "सांगा, पैले कोनतं प्यादं?"