चौघांच्या सरासरीचा बॉल

"ओढा! अहो, बॉल काय ओढताय? ह्यांना ओढा!"

ओरडणारे सर, आणि 'ह्यांना' म्हणजे मी. बोलिंगच्या चकचकीत लेनवर मी पालथा पडलो होतो. अंगठा बॉलच्या भोकात अडकलेला, आणि आमच्या टीममधले कांबळे आणि नेने माझा एकेक पाय धरून रस्सीखेच खेळत होते. अंगठा सुटला तेव्हा असा आवाज झाला, की शेजारच्या लेनवरच्या दोन पिना आपोआप पडल्या. खोटं वाटत असेल तर आमच्या कर्वेनगरात कोणालाही विचारा. फक्त नेन्यांना विचारू नका, ते तीन सांगतात.

सर आमच्याच सोसायटीतले, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कुठल्याही भांडणात हात वर करून म्हणायचे, "सरासरी काढा!" पाण्याची वेळ ठरवायची, सरासरी. मोदक लहान की मोठे, सरासरी. अशा माणसाने आम्हा निवृत्तांची टीम काढून लीगमध्ये घातली आणि आम्ही भाड्याचे बॉल टाकत नेमाने शेवटून पहिले येऊ लागलो. सरांची इच्छा एकच: एकदा तरी लीगमधून वर निघून मोठ्या स्पर्धेत खेळायचं. "त्याला स्वतःचा बॉल लागतो," म्हणाले, आणि आम्हाला दुकानात घेऊन गेले.

तिथे सरांनी एकेका बॉलला कलिंगडासारख्या टिचक्या मारून कान लावला.

"हा सरळ जातो, हा शेवटी वळतो," दुकानदार म्हणाला.

"पुण्यात सरळ जाऊन कोणाचं काम झालंय? वळणारा द्या."

"भोकं कोणाच्या मापाची पाडू?"

"चौघांच्या."

"काका, एक बॉल एकाच हाताचा असतो."

"मग सरासरी काढा!"

काढली. माझा अंगठा म्हणजे राजेळी केळं, कांबळ्यांचा उदबत्ती, नेन्यांचा वाकडा आणि सरांची बोटं आखूड. बॉल एकालाही बसला नाही. माझ्या हातातून तो सुटेना, आणि कांबळ्यांच्या हातातून असा मागे उडाला, की कँटीनमधले सामोसे आडवे झाले. "सगळे एकदम आडवे, स्ट्राइक!" नेने म्हणाले.

दुकानदार भोकं बुजवून नवी पाडायला तयार होता. सर उसळले. "गणित बरोबर आहे! हात चुकलेत!" रोज संध्याकाळी गॅलरीत बसून ते बॉल मऊ फडक्याने पुसायचे. शाळेत कोणी खेळायला न घेतलेल्या नातवाकडे बघावं, तसे बघायचे त्याच्याकडे.

मग नवल झालं. बऱ्याच टीम ऑफिसच्या कामात अडकून गळाल्या आणि आम्ही चक्क शेवटच्या सामन्यात पोहोचलो. जिंकेल तो स्पर्धेत. समोर हिंजवडीची सॉफ्टवेअरवाली टीम, तिचा दाढीवाला कप्तान, आणि त्याचा बॉल कंपनीच्या बसमध्ये राहून वाघोलीला निघून गेलेला! तो भाड्याचे बॉल चाचपत होता. एकही बसेना. आम्ही मनातल्या मनात पेढे वाटले. चाचपताना त्याने चुकून आमचा बॉल उचलला. बोटं आत गेली. दिवाळीच्या पणतीत वात बसावी, तशी.

सरांनी ते पाहिलं. आम्ही तिघांनी 'नको' म्हणून माना हलवल्या. नेन्यांनी तर सरांचा सदरा धरला.

"सॉरी अंकल, हा तुमचा आहे," कप्तान बॉल ठेवू लागला.

सरांनी नेन्यांच्या हातातून सदरा सोडवला. मग म्हणाले, "अंकल नाही, सर. टाका. आणि शेवटी वळवा."

बॉल निघाला, कडेकडेने गेला, आणि लक्ष्मी रोडला पार्किंग दिसल्यावर रिक्षा वळते तसा गर्रकन वळला. दहाच्या दहा पिना आडव्या, आणि सामना त्यांचा. सर बाकावर चढून नाचत होते. "बघा! गणित! गणित!" त्या दिवशी आमच्या पराभवाचा सगळ्यात जास्त आनंद आमच्याच कप्तानाला, म्हणजे सरांना झाला. बॉलही त्यांनी त्या दाढीवाल्या मुलालाच दिला. "ह्याला तरी स्पर्धा बघू दे," म्हणाले.

आता सर मुलीकडे राहायला गेले आहेत. त्यांच्या गॅलरीत दुसऱ्याच कोणाचे टॉवेल वाळतात. परवा तो दाढीवाला भेटला. बॉल स्पर्धा खेळून आला होता, आता परत करायचा म्हणत होता. मी लगेच सरांना फोन लावला.

"सर, आपला बॉल परत मिळतोय. घेऊ का?"

सरांनी उलट विचारलं,

"तुमचा अंगठा बारीक झाला का?"