नववा महिना शेजारणीचा

कामथडीला थोरल्या लेकीला, सुमनला, बाळंतपणासाठी आणायला गेले होते. भोरहून आलेल्या एसटीतून निरोप उतरला, शेजारच्या रिबिकाकाकू गेल्या. मी तशीच ओट्यावर बसले... हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवायचं सुचलं नाही.

संस्थान विलीन झालं त्या सुमारास आम्ही भोरात बिऱ्हाड केलं, तेव्हा सुमन माझ्या मांडीवर होती. जातं रिबिकाकाकूंचं, एका बाजूला त्या, एका बाजूला मी. पहाटेची प्रार्थना आटोपली की त्या खुंट्याला हात घालत. माहेर वेल्ह्याकडचं, आवाज डोंगरातला, आणि ओव्या स्वतः रचलेल्या. येशूच्या आईचे डोहाळे!

पहिला गं मास, मरियेला काही कळेना
करवंदाच्या जाळीवरून तिची नजर ढळेना

असे आठ महिने त्या म्हणत आणि थांबत. काकूंची कूस उजवली नव्हती. म्हणायच्या, "नववा म्या पाह्यला न्हाई, तारा. तू पाह्यलायस, तू म्हण." एकीनं सुरू केलेली ओवी दुसरीनं पुरी करायची ही तर जात्याची रीतच. मग मी जमेल तशी जोडली.

नववा गं मास, मागणं सारं सरलं
रिकाम्या पदरात देवानं आभाळ भरलं

पहिल्यांदा म्हटली तेव्हा त्यांचा हात थांबला. मग नुसतं म्हणाल्या, "व्हय. असंच असंल."

नाताळात ही गाणी प्रार्थनामंदिरात म्हणावीत, एवढीच त्यांची हौस. पण ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे तिथले कारभारी, दाविदराव अडून बसले. "लई सोसून मागला धरम सोडलाय आमी, बाई. जात्यावरचं हितं नको. आन् मरियेच्या गावाला करवंदं कुठली?"

"कुठली का असंना, पोटुशी बाईला आंबटच लागतं," काकू म्हणाल्या. पण घरी येऊन खूप रडल्या. म्हणाल्या, "माजे डोहाळे तिला दिले गं म्या. त्येबी देवाच्या दारात नकोत?" मला दाविदरावांचा असा राग आला की काही विचारू नका. काकू मात्र दुसऱ्या दिवशी दळायला हजर. देवावर रुसणं त्यांना जमतच नव्हतं.

तीन-चार वर्षांनी दाविदरावांची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि तिनं डोहाळे म्हणायला काकूंनाच बोलावलं. ओव्या चालू असताना म्हातारा दाराआड उभा होता. त्या नाताळात तो सगळ्यांसमोर म्हणाला, "रिबिकाबाई, मरियेचं म्हणा."

काकू उठल्या, आठ महिने गायल्या आणि थांबल्या.

"आन् नववा?" दाविदरावांनी विचारलं.

"त्यो शेजारणीचा हाय."

कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली मी मागच्या रांगेतून उठले. नववा गायले. बाहेर पडताना म्हातारा पुटपुटला, "येत जा दर नाताळाला." आणि मी जात राहिले.

आता घरोघरचं दळण गिरणीत जातं. काकूंचं जातं मास्तरांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, आमच्या पडवीत आणून ठेवलंय. परवा दाविदरावांचा निरोप आला, नाताळाला या. नववा माझा, पण पहिले आठ कोण म्हणणार? मूठभर मेतकूट दळायचं निमित्त करून बसले, खुंटा धरला, पहिल्यापासून सुरुवात केली. आठवा संपला आणि सवयीनं मीच थांबले, समोरची बाजू रिकामी...

आतून सुमन आली. कमरेवर हात ठेवून, जपत जपत समोर टेकली, खुंट्यावर माझ्या हाताशेजारी हात ठेवला.

"सरक थोडी, आई. नववा आता माझा."