उलटी कॅसेट

जर्मनीला निघालेल्या लेकीची बॅग भरताना कपाटात माझी जुनी कॅसेट सापडली, आणि औरंगपुऱ्यातल्या बाबांच्या टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानातला स्पिरिटचा वास आला.

तेव्हा कॉलेजात अफवा होती, की या कॅसेटमधलं इंग्रजी गाणं उलटं वाजवलं की त्यात भविष्य ऐकू येतं. आमचा तर ठाम विश्वास! मी पुण्याला शिकायला निघायच्या आदल्या दिवशी मैत्रीण नसरीनला घेऊन दुकानात गेले. "येड्याच हायेत पोरी," म्हणत बाबांनी कॅसेटचे स्क्रू काढले, फीत उलटी गुंडाळून बसवली आणि बटण दाबलं.

विचित्र घरघर सुरू झाली. नसरीन ओरडली, "कयामत बोलरा ये!" मला काहीच कळेना. बाबा मान खाली घालून म्हणाले, "मला तर 'ऱ्हा, ऱ्हा' म्हणतंय असं वाटतंय."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. बाबाही हसले, आणि कापसानं टेपचं हेड कितीतरी वेळ पुसत बसले.

आज लेकीनं तेच गाणं मोबाइलवर क्षणात उलटं वाजवलं. "काहीच नाहीये गं यात, आई."

मला मात्र स्पष्ट ऐकू आलं. मी तिच्या बॅगेची चेन लावली.