पहिल्या रांगेतली चौथी खुर्ची

माणूस निव्वळ इच्छेच्या बळावर कॅमेऱ्याच्या नजरेआड होऊ शकतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी साडेअकरा वाजता, चिकलठाण्यात, केळीवाटपाच्या कार्यक्रमात.

पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी... यांतलं काहीही नव्हतं. ऊन होतं आणि कर्कश स्पीकर होता. असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. भूत दिसत असेल तर त्याच्यावरून प्रकाश परावर्तित होत असणार, आणि तसं असेल तर त्याचा फोटोही यायला हवा, असं मी आठवीच्या वर्गात ठणकावून सांगत असे. वस्तू समोर आहे आणि फोटोत नाही, हे कसं — असं कुठल्याच मुलानं कधी विचारलं नाही. बरं झालं.

आधी मी कुठं राहते ते सांगते. जालना रोड सोडून आत वळलं की नव्या बिल्डिंगांच्या मागं आमचा वृद्धाश्रम आहे. फक्त बायकांचा, पंचवीस जणींचा. 'अरेरे' म्हणणाऱ्यांनी इथंच थांबावं. मला इथं कुणी टाकलेलं नाही. मुलगी पुण्याला बोलावत होती, पण तिच्याकडं मी पाहुणी झाले असते. म्हणून चार ठिकाणं स्वतः जाऊन पाहिली. एकीकडं पहाटे पाचला सक्तीचं भजन होतं. दुसरीकडं चहा करायला शेगडी ठेवू देत नव्हते. तिसरीकडं मॅनेजर मला सारखा 'आजी' म्हणत होता. चौथं हे. इथं पुस्तकांना कपाट मिळालं, खोलीला आतून कडी मिळाली.

माझ्या शेजारच्या खोलीत कौसाबाई. देवगाव रंगारीच्या, शेतकरी घरातल्या. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला, जन्मलेल्या, हा त्यांचा जन्मदाखला. गुडघे गेले, दिवसभर घर ओस — मुलगा-सून शेतात, नात कॉलेजात — तेव्हा त्यांनीच एका सकाळी आपल्या नावावरचं शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, लावलं, पत्र्याची पेटी भरली आणि मुलाला म्हणाल्या, सोड मला तिथं. मुलगा आठवडाभर जेवला नाही नीट. पण त्यांनी ऐकलं नाही.

गावात मात्र हे सांगितलेलं नव्हतं. आजी दवाखान्यासाठी शहरात राहते, एवढंच. कारण नातीची सोयरीक चालली होती.

"मला लाज नाय, बाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "पर सोयरे काय म्हणतील? ह्यांनी म्हातारी बाहेर काढली, ह्या घरची पोर आणली तर उद्या आपल्यालाबी काढील. तांदूळ पडू द्या एकदा डोक्यावर. मग म्या सोता सांगते."

अशात साहेबांचा वाढदिवस आला.

साहेब कोण ते विचारू नका, प्रत्येक भागात एक असतातच. आपल्याकडं मोठ्या माणसाचा वाढदिवस दुसऱ्याला फळं देऊन साजरा होतो, आणि दुसरा म्हणजे शक्यतो म्हातारा किंवा आजारी लागतो. आमच्या व्यवस्थापिका शैलाताई भल्या बाई. त्यांनी सांगितलं की साहेब या वेळी केळ्यांसोबत सोलर हीटर जाहीर करणार आहेत, पण त्यांच्या माणसांना फोटोत पंचवीस चेहरे हवेत. एकही खुर्ची रिकामी नको.

गरम पाण्यासाठी हिवाळ्यात आमच्याकडं सकाळी सहापासून बादल्यांची रांग लागते. ज्यांचे गुडघे गेलेत त्या त्या रांगेत उभ्या राहतात. म्हणून मी पाप केलं — कौसाबाईंना मीच पटवलं. म्हटलं, माझ्या शेजारी बसा, पदर पुढं ओढा, पेपरात बोटाएवढा चेहरा येतो, कोण ओळखतंय?

त्या तयार झाल्या. मग आम्ही अंगणात आलो आणि बॅनर दिसला. 'निराधार मातांना फळवाटप.'

कौसाबाईंना वाचता येतं. सावकाश येतं, पण येतं. त्यांनी तो शब्द पुरा वाचला.

"निराधार कोन? तीन एकराची मालकीन हाय म्या."

उठून जातील असं वाटलं. पण त्यांनी मागच्या रांगेतल्या, रोज बादल्या घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांकडं पाहिलं आणि पहिल्या रांगेतल्या चौथ्या खुर्चीवर बसल्या. पाचवीवर मी. माझ्या कानाशी म्हणाल्या, "बसते म्या. पर माझा फोटो येनार नाय."

मी विचारलं, असं कसं?

"रझाकाराच्या भ्यानं आमची माय ज्वारीत लपली व्हती, मला पोटात घिऊन. चार दिवस. लपायचं म्या तवापासून शिकलेली हाय."

मी हसले. भाषण झालं, ते कुणी ऐकलं नाही. प्रत्येकीच्या मांडीवर दोन-दोन केळी ठेवली गेली. मी कौसाबाईंचा हात हातात घेतला. गरम होता, खरखरीत होता. फोटो निघाला तेव्हा तो माझ्या हातात होता. हे वाक्य मी शपथेवर लिहू शकते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. चांगला मोठा. साहेब मधोमध, आम्ही चोवीस जणी. चौथी खुर्ची रिकामी. तिच्या बैठकीवर दोन केळी. आणि शेजारी मी, हात बाजूला काढून बोटं अशी वळवलेली... की जणू काही धरलं आहे.

मी शैलाताईंचा फोन मागितला. त्यांनी दोन फोटो काढले होते. दोन्हींत तेच. मग फोटोग्राफरला गाठलं. त्यानं कॅमेऱ्यातले सातही दाखवले. तोच बिचारा वैतागलेला, साहेबांच्या माणसांनी त्याला झापलं होतं. "मॅडम, माणसं वाढवून द्या म्हणतात आम्हाला," तो म्हणाला. "कमी करून दिली तर पुढचं काम कोण देईल?" हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला.

पेपर घेऊन कौसाबाईंकडं गेले. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"तुमचा लई झ्याक आलाय, बाई."

"आणि तुम्ही कुठं आहात?"

"हितंच तर हाय," म्हणाल्या, आणि शेंगा सोलत राहिल्या.

तो पेपर गावातही पोचला होता. मुलाचा फोन आला — आई, तू त्या कार्यक्रमाला नव्हतीस ना? "व्हते की," त्या म्हणाल्या. तो समजला, चेष्टा करते आहे. सोयरीक जमली, लग्न झालं. अल्बम त्यांनी आम्हाला आणून दाखवला. प्रत्येक पानावर कौसाबाई आहेत. हिरवं लुगडं, ताठ मान, नजर थेट कॅमेऱ्यात. अक्षता पडल्यावर त्यांनी मांडवातच विहीणबाईंना सांगून टाकलं की मी आश्रमात राहते, माझ्या खुशीनं, माझ्या शेताच्या उत्पन्नावर. विहीणबाईंनी हळूच आश्रमाचा पत्ता विचारून घेतला.

हे सांगताना कौसाबाई खुर्चीत अशा बसल्या होत्या की साहेबांनी पाहून शिकावं.

तो पेपर माझ्या कपाटात आहे. भिंगातून पाहिला, उजेडात धरून पाहिला. लेन्स, कोन, सावली — जे जे शिकवलं ते सगळं लावून पाहिलं. कौसाबाई त्यात अजून दिसलेल्या नाहीत.

सोलर हीटरही अजून दिसलेला नाही. त्यात मात्र मला काही गूढ वाटत नाही.