वाळू किती, माती किती

ओल्या मातीची गोळी तळहातांवर वळत तो म्हणायचा, "पाणी पाजल्याशिवाय हिचा स्वभाव नाही कळत, काका!" त्याच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्याचं नाव निघालं की विषय बदलायचो.

परदेशात, अर्विंग शहरातल्या माती तपासणाऱ्या लॅबमध्ये आम्ही दोघेच मराठी. तो नागपूरचा, माझ्याहून बराच लहान. अर्विंगची काळी चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचा रस्ता मोडते. म्हणून रस्त्याखाली तिच्यात वाळू मिसळतात. वाळू कमी पडली तर फुगणं थांबत नाही, जास्त झाली तर मिश्रण धरून राहत नाही. नेमकी किती, हे ठरवणं आमचं काम.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती आली की खुर्च्या त्यांच्याकडे वळतात. आमच्या गणपतीला तो आला आणि तासाभरात माझे पाहुणे त्याचे झाले. भांडी आवरताना बायको म्हणाली, "त्यांच्यासारखं जरा हसून बोलावं माणसानं."

त्यानंतर, ज्या रस्त्याच्या कामावर मी डोळा ठेवून होतो, ते साहेबांनी त्याला दिलं.

वेगवेगळ्या प्रमाणात वाळू घालून ठोकलेले नमुने त्यानं साच्यांसकट पाण्याच्या टाकीत ठेवले. चार दिवस भिजवायचे, मग दाबून ताकद बघायची. शुक्रवारी म्हणाला, "लेकीला घेऊन ह्यूस्टनला चाललो, काका. टाकीकडे लक्ष ठेवजा."

"जा रे, मी आहे ना."

शनिवारी पाहिलं तर तोटी गळून टाकी रिकामी. तोटी आवळून पाणी भरायचं, एवढंच काम होतं. मी दिवा बंद करून घरी आलो. सोमवारी साहेबांसमोर याची बोलती बंद होईल, या विचारानं जेवण गोड लागलं. रविवारी संध्याकाळी मात्र घाबरलो आणि जाऊन टाकी काठोकाठ भरली.

नमुने वरून ओले होते. आत कोरडे असणार हे मलाच ठाऊक. कोरडी चिकणमाती टणक असते, त्यामुळं सगळ्यांत कमी वाळूचा नमुनाही पास झाला. वाळूचा खर्च वाचला म्हणून साहेबांनी त्याची पाठ थोपटली. तो जिलबीचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. "तुमच्यामुळं जमलं, काका!" मी आणखीच जळलो.

हिवाळ्याच्या पावसात त्या मिश्रणावर बांधलेला रस्ता फुगून उचलला गेला. ठपका त्याच्यावर आला. नोकरी गेली आणि नोकरीला बांधलेला व्हिसाही.

निरोपाला गेलो तेव्हा तो खोक्यांना टेप लावत होता. लेक दारात उभी राहून "बट व्हाय, बाबा?" एवढंच विचारत होती.

"खरं सांगा काका, माझं चुकलं कुठं? रोज तेच डोक्यात फिरून राहिलं."

मी खोक्याचं झाकण दाबून धरलं. "होतं असं कधी कधी," म्हणालो.

गेल्या वर्षी त्या लेकीचा फोन आला. "बाबा गेले, काका. तुमचं नाव नेहमी काढायचे." मी तिचं सांत्वन केलं. फोन ठेवल्यावर रिकाम्या खोलीत शब्द फुटले, "तुझं काही चुकलं नव्हतं रे. टाकी रिकामी होती, मी पाहिली होती. मला माफ कर."