अर्थिंगच्या पट्टीतले एकोणीस किलो

आमच्या जुन्या कारखान्यातली मंडळी वर्षातून एकदा जमतात आणि दर वेळी माझ्याविषयीची एक गोष्ट मलाच ऐकवतात. मी म्हणे अर्थिंगची पट्टी नुसती हातावर तोलली, वजन ओळखले आणि आमच्या स्टोअरकीपरची नोकरी वाचवली. सांगणाऱ्यांचा हेतू गौरवाचा असतो, हे मला समजते. तरीही ती गोष्ट खोटी आहे, आणि मी जे खरोखर केले ते तिच्यामुळे झाकले जाते.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. इतर कारखान्यांच्या अर्थिंगची कामे आम्ही घेत असू. यंत्रात बिघाड झाला तर वीज माणसाला न शिवता जमिनीत जावी, यासाठी यंत्रापासून जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत लोखंडाची सपाट पट्टी अंथरतात. ही पट्टी विकत घ्यायची किलोवर आणि अंथरायची मीटरवर. या दोन मापांची सांगड घालणे हे माझे काम, कारण अंदाजपत्रके मी करीत असे. रुंदी, जाडी आणि लोखंडाची घनता यांचा गुणाकार करून प्रत्येक आकाराच्या पट्टीचे दर मीटर वजन मी काढले होते. पंचवीस मिलिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर जाड पट्टी मीटरला एक किलो एकशे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम भरते. त्या तक्त्याची एक प्रत स्टोअरच्या भिंतीवर होती आणि तिच्याखाली माझी सही होती.

मुलुंडच्या एका कामासाठी त्या आकाराची पट्टी आली. वजनकाट्यावर ती सहाशे आठ किलो भरली आणि तशी नोंद झाली. स्टोअरकीपरने ती मोजून पाचशे मीटर कामावर धाडली. माझ्या तक्त्याप्रमाणे पाचशे मीटरचे वजन होते पाचशे एकोणनव्वद किलो. म्हणजे कागदावर एकोणीस किलो पट्टी स्टोअरमध्ये शिल्लक होती. मांडणीवर एक वीतभरही नव्हती.

स्टोअरकीपर मालवणकडचा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, कुर्ल्याला राहणारा. कुर्ल्याला भंगारवाले पुष्कळ, एवढ्यावरूनच मॅनेजरने निष्कर्ष काढला. दुपारच्या सुट्टीत, सगळे कामगार बघत असताना, गेटवर त्याची पिशवी उपसली गेली. निघाला फक्त डबा. तरीही दोन दिवसांत एकोणीस किलोंचा हिशेब दे, नाही तर राजीनामा लिही, असे त्याला सांगण्यात आले.

तो माझ्या टेबलाशी आला. "मी काय लोखंड खातंय रे?" तो म्हणाला, आणि मग त्याने मला तक्ता पुन्हा तपासायला सांगितले. मला राग आला, हे मी लपवणार नाही. तीन वर्षे त्या तक्त्यावर आमच्या निविदा जात होत्या. मी त्याच्यासमोर गुणाकार पुन्हा केला आणि आकडा तोच आला. तो स्टोअरकडे परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलुंडला गेलो. मला कोणी पाठवले नव्हते, आणि मॅनेजरने मला पाठवले असे जे सांगतात त्यांनी ते कोठून आणले, हे त्यांनाच ठाऊक. चर अजून बुजवले नव्हते. टेप धरून मी सगळी पट्टी मोजली. अंथरलेली आणि उरलेली मिळून बरोबर पाचशे मीटर भरली. म्हणजे लांबीत चोरी नव्हती. मग वजन कोठे गेले? मी तिथेच उभा असताना एक फिटर पट्टीचे टोक वेल्डिंगपूर्वी कानशीने घासत होता. वरचे जस्त काढल्याशिवाय सांधा नीट बसत नाही, हे मला ठाऊक होते. खाली राखाडी भुकटी पडली होती. ती बघताना माझ्या लक्षात आले की माझ्या गुणाकारात लोखंड आहे, जस्त नाही. गंज लागू नये म्हणून पट्टीला जस्ताचा मुलामा देतात. काट्याने तो तोलला होता, मी तोलला नव्हता. अंदाजपत्रकात आम्ही पाच टक्के माल जादा धरत असू आणि उरलेला माल कोणी तोलत नसे, म्हणून ही चूक तीन वर्षे कोणाच्या नजरेस आली नाही.

पट्टीचे मीटरभर लांबीचे तीन तुकडे घेऊन मी परत आलो आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. "तक्ता माझा आहे, चूकही माझी आहे. प्लेटिंग विभागात चला, यांच्यावरचे जस्त आम्लात उतरवून दाखवतो."

आधी एकट्याने करून बघ, असे प्लेटिंगच्या, म्हणजे आमच्या मुलामा चढवण्याच्या विभागाच्या, फोरमनने मला हळूच सुचवले. मी नाही म्हणालो. गणित झालेले होते. रसायने तोलण्याच्या काट्यावर तुकडे तीन किलो सहाशे अठ्ठेचाळीस ग्रॅम भरले. मग ते आम्लाच्या टाकीत सोडले. पाणी उकळावे तसे बुडबुडे उठले. ते मंदावताच तुकडे काढले, धुतले, पुसले आणि पुन्हा तोलले. तीन किलो पाचशे चौतीस. मीटरमागे अडतीस ग्रॅम गेले होते, आणि पाचशे मीटरमागे ते एकोणीस किलो होतात. मॅनेजरने स्वतः पेन्सिलीने गुणाकार केला, दोनदा.

माझा तक्ता चुकीचा होता, असे आता काही जण म्हणतात. त्यांनी आम्लानंतरचा तो दुसरा आकडा पुन्हा वाचावा; तीनने भागला की माझाच एक किलो एकशे अठ्ठ्याहत्तर येतो. लोखंडाचे वजन मी ग्रॅमपर्यंत बरोबर काढले होते. चूक झाली ती तो तक्ता जस्त चढवलेल्या पट्टीला लावण्यात, आणि ती मी कोणी विचारण्याआधी सांगितली.

मॅनेजरने स्टोअरकीपरला बोलावले, प्रकरण मिटले म्हणून सांगितले आणि कामाला लागायला सांगितले. तो हलला नाही. म्हणाला, "साहेब, पिशवी गेटवर उपसलीत. हेही गेटवरच सांगा." मॅनेजर मोठ्या मनाने आपणहून गेटवर गेला, ही कथाही मी ऐकली आहे. मी तिथे होतो. केबिनचे दार मीच उघडून धरले. दुपारच्या सुट्टीत, त्याच जागी, कामगारांसमोर मॅनेजरने चोरी झालेली नाही असे सांगितले.

तक्त्यात जस्तासह वजनाचा नवा रकाना मी त्याच संध्याकाळी भरला, मुलाम्याचे गणित मांडून. स्टोअरकीपरने तो तक्ता वाचला आणि मला परत दिला. "आधी काट्यावर चढव, मग सही कर. तुझ्या सहीन एकदा माझी वाट लावलीहा." मी वाद घालू शकलो असतो. घातला नाही. स्टोअरमधल्या प्रत्येक आकाराचा मीटरभर तुकडा कापून तोलायला तीन दिवस लागले. तो समोर स्टुलावर बसून काट्याकडे बघत होता, आणि नुसत्या माझ्या शब्दाखातर त्याने एकाही आकड्याला मान डोलावली नाही; काटा स्वतः वाचला, मगच.